कवळीला वास येतो

३ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी सिगारेट सोडली. आता साडेआठ झालेत. अजून तरी काही त्रास नाही. लोक उगाच बाऊ करतात.

ही डायरी बायकोने दिली. ती मोटार चालवायला शिकवते आणि तिच्या ड्रायव्हिंग स्कूलने छापलेल्या डायऱ्या उरल्या होत्या. प्रत्येक पानाच्या तळाशी चालकांसाठी एक सूचना आहे. आजची सूचना: ‘गाडी सुरू करण्यापूर्वी कुठे जायचे ते ठरवा.’

“ओढावीशी वाटली की लिहीत बसा. हात गुंतलेला राहील,” ती म्हणाली.

“मी उजव्या हाताने लिहितो आणि डाव्याने ओढतो.”

“मग डाव्या हातावर बसून लिहा.”

कारणही लिहून ठेवतो, म्हणजे पुढे विसरायची सोय राहणार नाही. मी कवळ्या करतो. सव्वीस वर्षं करतोय. दाताचे डॉक्टर माप घेऊन पाठवतात, आम्ही कवळी बनवून परत पाठवतो. अर्ध्या गावाचं हसू माझ्या हातचं आहे असं मी म्हणतो, तेव्हा बायको दुसरीकडे बघते. आईचा शेवटचा दात पडला तेव्हा मी तिच्यासाठी जी कवळी केली ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात उत्तम कवळी होती. आईने ती एक दिवस घातली, काढून कपात ठेवली आणि जाहीर केलं, “याला सिगारेटचा वास येतो.”

मी तिला परोपरीने सांगितलं की कवळी दोन तास उकळत्या पाण्यात असते, नंतर घासतात, धुतात, तिला कसलाही वास येणं शक्य नाही. तर म्हणाली, “नाक माझं आहे की तुझं?” त्याला आता तेरा महिने झाले. तेव्हापासून आई जेवायच्या टेबलावर सूप पिते आणि दुधात बुडवून पाव खाते. मी समोर बसून कुरकुरीत काहीही खाल्लं की माझ्या घासाकडे बघते. कवळ्या करणाऱ्याची आई बोळकी, यापेक्षा मोठी बेअब्रू माझ्या धंद्यात नाही. तरी तिचं वजन दोन किलोने वाढलंय. सूप पौष्टिक असावं.

परवा तिला अठ्ठ्याहत्तरावं लागलं. काय हवं, असं मी विचारलं. म्हणाली, “तुझ्यासमोर बसून सफरचंद चावून खायचंय. चाळीस दिवस सिगारेट न धरलेल्या हातांनी नवी कवळी करून दे. ती घालेन.”

म्हणून आज आठ वाजून दहा मिनिटांनी पाकीट केराच्या डब्यात टाकलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

लोक उगाच बाऊ करत नाहीत.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल दिवसभरात मी अकरा गाजरं, दोन पेन्सिलींची टोकं आणि शर्टाचं एक बटण चावलं. बटण गिळलं की नाही याबद्दल घरात दोन मतं आहेत.

माझा भागीदार पॉलिश यानेही सोडली आहे. त्याला पॉलिश म्हणतात, कारण मी कवळी करतो आणि तो ती घासून चकचकीत करतो. मी बातमी सांगितली तेव्हा तो म्हणाला, “तू नसशील तर मी एकटा जिन्यावर उभा राहून मेहुण्याच्या गोष्टी कुणाला सांगू? जाऊ दे, मी पण सोडतो.” मला भरून आलं. हल्ली मला कशानेही भरून येतं. सकाळी बूट सापडला नाही तेव्हाही आलं होतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी दारातच आईने माझे हात हुंगले. “ओढलीस ना?” म्हणाली. मी शपथेवर सांगितलं की गेल्या चार दिवसांत मी सिगारेटचं चित्रसुद्धा बघितलेलं नाही. “बघू,” म्हणाली आणि शब्दकोडं सोडवायला स्वयंपाकघरात जाऊन बसली. निर्दोष माणसाचा असा संशय घेतला की त्याला गुन्हा करावासा वाटतो.

थोड्या वेळाने घरभर करपलेला वास सुटला. जाऊन बघतो तर गॅसवरचं दूध काळं पडलेलं, आणि आई शेगडीपासून तीन फुटांवर ‘पाच अक्षरी जलचर’ शोधत बसलेली. शब्दकोड्यात ती अशी हरवते. वय झालं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज काही विशेष घडलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

काल घडलं.

खरं लिहायचं नसेल तर डायरीचा उपयोग काय? काल दुपारी बायकोच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मागे, शिकाऊ गाड्या उभ्या करतात तिथे, मी अर्धी सिगारेट ओढली. उकिडवा बसून ओढली. पूर्ण ओढणार होतो, पण बायकोची एक विद्यार्थिनी गाडी मागे घेत होती आणि सिगारेट की जीव, असा प्रश्न आला.

घरी येण्यापूर्वी मी कारखान्यात (एकच खोली आहे, पण आम्ही तिला कारखाना म्हणतो) हात तीनदा धुतले, शर्ट बदलला, टूथपेस्ट खाल्ली आणि बायकोच्या शांपूने डोकं धुतलं. आईने हात हुंगले, मग माझ्या डोक्याकडे नीट बघितलं. मी श्वास धरून उभा. “हं,” एवढंच म्हणाली आणि आत गेली.

म्हणजे ओढली नाही तेव्हा वास येतो आणि ओढली तेव्हा येत नाही. या नाकाचं गणित मला कळलेलं नाही. मोजणी पुन्हा एकपासून सुरू करावी का? अर्धी होती, तेव्हा अर्धा दिवस कापावा का? पानाच्या तळाशी लिहिलंय: ‘चुकीचे वळण घेतल्यास गोंधळू नका, पुढच्या चौकातून परत या.’ परत आलो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

एकाच दिवशी तीन कवळ्या परत आल्या. सव्वीस वर्षांत वर्षाला तीन येत नसत. एकीच्या हिरड्यांत बुडबुडे. दुसरी बसवली की डगमगते. तिसरी एका निवृत्त मुख्याध्यापकांची. ते ‘शांत बसा’ म्हणायला गेले की शीळ वाजते आणि नातवंडं रांगेत उभी राहतात.

डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे आमचं सगळ्यात जास्त काम जिथून येतं त्यांनी, फोन केला. “तुमच्याकडे काही घडलंय का? कुणी आजारी आहे का?”

“दोघेही सुधारतोय,” मी म्हटलं. त्यांना ते कळलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कारण सापडलं. सापडल्यावर दोघेही मटकन खाली बसलो.

कवळीच्या हिरड्या एका गुलाबी पावडरीच्या होतात. ती बरणीत एका द्रवाबरोबर कालवायची, झाकण लावायचं आणि ठरावीक वेळ थांबायचं. आधी ते ओल्या वाळूसारखं असतं, मग चिकट तारा सुटतात, मग कणकेसारखा गोळा होतो. गोळा झाला की लगेच साच्यात भरायचा. लवकर भरला तर बुडबुडे, उशीर झाला तर तो रबरासारखा होतो आणि दात हलतात. मग साचा उकळायचा आणि आपोआप थंड होऊ द्यायचा. घाईने उघडला तर कवळी वाकडी.

थोडक्यात, आमचा धंदा म्हणजे निम्मं काम आणि निम्मं थांबणं. आणि थांबायचं किती? त्या द्रवाची वाफ पेट घेते, म्हणून ओढायला आम्ही मागच्या लोखंडी जिन्यावर जायचो. झाकण लावायचं, जिन्यावर एक सिगारेट ओढायची, परत यायचं, गोळा तयार. साचा थंड व्हायला तीन सिगारेटी. सव्वीस वर्षं आमच्या कारखान्यात घड्याळ नाही. भिंतीवर आहे, पण ते चार वाजून वीस मिनिटांवर आहे आणि त्याने कुणाचं काही अडलं नाही.

आता आम्ही दोघे बरणीसमोर उभे राहतो. अर्ध्या मिनिटाने पॉलिश म्हणतो, “झालं असेल.” मी झाकण उघडतो. झालेलं नसतं. पुन्हा लावतो. पुन्हा उघडतो. उघडून उघडून द्रव उडून जातो आणि हिरड्यांचा रवा होतो.

“मग मिनिटं लाव,” मी म्हटलं. “एक सिगारेट म्हणजे किती मिनिटं?”

“पाच.”

“पाच? माझी दहा मिनिटं चालायची.”

“तू ओढतोस कुठे? तू नुसती धरतोस.”

यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. सव्वीस वर्षांत आमचं इतकं भांडण झालेलं नाही, आणि तेही नसलेल्या सिगारेटीवरून. पावडरीच्या डब्यावरची सूचना शोधून काढली. तिथे लिहिलंय, ‘हवामान पाहून ठरवावे.’

१५ फेब्रुवारी, शनिवार

घरात उंदीर झालाय. दुपारी जेवायला घरी आलो होतो, तेव्हा आईच्या खोलीतून कुरुमकुरुम आवाज येत होता. दार ढकललं तर आई भिंतीकडे तोंड करून झोपलेली. बायको पाठोपाठ आली आणि म्हणाली, “उंदीर असेल.” आईने झोपेतच मान हलवली.

पिंजरा आणून त्यात बिस्कीट लावलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पिंजऱ्यातलं बिस्कीट गेलं. पिंजरा उघडाच, चाप जसाच्या तसा. फार तरबेज उंदीर आहे. आजपासून दोन बिस्किटं लावतो.

आठवड्याची सफरचंदंही संपली. मी एकही खाल्लेलं नाही. बायको म्हणते, “मी खाल्ली,” आणि तिला तर सफरचंद आवडत नाही. चिडचिड माझी होतेय आणि भूक तिची वाढलीय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज पॉलिशने तो विषय काढला जो गेला आठवडाभर आमच्या दोघांच्याही मनात होता.

“हे बघ,” तो म्हणाला, “व्यसन वेगळं आणि मोजमाप वेगळं. आपण एक ओढू. फक्त एक. घड्याळ लावून. कामासाठी.”

मला हे इतकं पटलं की डोळ्यांत पाणी आलं. मी लगेच कागद घेतला. वर ‘प्रयोग’ असं लिहिलं, खाली तारीख टाकली आणि एक तक्ता आखला. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढणं बरोबर नाही, म्हणून तक्त्यात दहा ओळी ठेवल्या. मग थंड होण्याचा वेळ वेगळा काढावा लागेल म्हणून आणखी तीस. तक्ता आखून झाल्यावर आम्ही ओळी मोजल्या. चाळीस सिगारेटी झाल्या होत्या.

“हे मोजमाप नाही,” पॉलिश खाली मान घालून म्हणाला.

शेवटी असं ठरलं की ओढायची दुसऱ्या कुणी तरी आणि घड्याळ लावायचं आम्ही. कवळ्या पोचवणारा आमचा एक्स्प्रेस (तो चालत कधी नसतो, पळत असतो) ओढतो. त्याला जिन्याच्या मधल्या पायरीवर बसवलं, सिगारेट हातात दिली आणि आम्ही दोघे खालच्या पायरीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसलो. त्याने पेटवली. तो धूर सोडेल त्या दिशेला आमची तोंडं वळत होती. पॉलिशने तर डोळे मिटले होते.

“असं बघू नका हो,” एक्स्प्रेस म्हणाला, “मला घास अडकल्यासारखं होतंय.”

त्याने अडीच मिनिटांत संपवली. हा माणूस सिगारेटसुद्धा पळतच ओढतो. “हळू,” पॉलिश कळवळून म्हणाला, “अरे, चव घेऊन.” त्याला दुसरी दिली. नेमक्या त्याच वेळी डॉक्टरीणबाई स्वतः मुख्याध्यापकांची पुन्हा परत आलेली कवळी घेऊन मागच्या बाजूने वर आल्या. त्यांना दिसलं ते असं: एक माणूस सिगारेट ओढतोय आणि दोन प्रौढ माणसं त्याच्या पायाशी बसून नाकाने धूर ओढताहेत.

त्या दोन पायऱ्या खाली उतरल्या. “मी नंतर येते,” म्हणाल्या.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंनी पुढच्या दोन कवळ्या दुसरीकडे पाठवल्या. एक्स्प्रेसने सांगितलं. पोचवायला त्यालाच जावं लागलं, म्हणून तो अपराध्यासारखा पळत होता.

दुपारी एकाच कवळीचं काम होतं. पावडर कालवली, झाकण लावलं आणि दोघेही एकमेकांशी न बोलता जिन्यावर जाऊन बसलो. हातात काही नाही, तोंडात काही नाही. आता सगळं बुडालंच आहे तर बसून घ्यावं असा प्रकार. काही तरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “मेहुणा कसा आहे?”

पॉलिशचा चेहरा खुलला. मेहुण्याने कपाट आणलं तेव्हाची गोष्ट त्याने सुरू केली. ही गोष्ट मी आजवर शेकडो वेळा ऐकली असेल. कपाट दारातून जाईना, म्हणून मेहुण्याने दार काढलं. मग चौकट काढली. मग कपाटाच्या आत शिरून ते आतून ढकलावं म्हणून तो आत शिरला, आणि कपाटाची दारं भिंतीकडे आली. बहिणीने दोन दिवस त्याला फळ्यांच्या फटीतून चहा पाजला. पॉलिश ती गोष्ट सावकाश, सगळ्यांचे आवाज काढून सांगतो. कपाटाचासुद्धा.

गोष्ट संपली. आत येऊन मी झाकण उघडलं. गोळा. असा सुरेख गोळा की बोटाला चिकटेना आणि ओढला तर तुटेना.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. सव्वीस वर्षं ती वेळ सिगारेटीची नव्हतीच. ती कपाटाची होती.

२६ फेब्रुवारी, बुधवार

कारखान्यात नवी मापं लागू झाली आहेत. पावडरीला एक कपाट. साच्याच्या प्लास्टरला ‘मेहुणा आणि पोहण्याचा क्लास’. साचा थंड व्हायला कपाट, क्लास आणि ‘मेहुण्याचा पासपोर्टचा फोटो’ असे तिन्ही, ओळीने. मुख्याध्यापकांची कवळी पुन्हा केली. शीळ गेली. नातवंडं जरा नाराज आहेत म्हणे, पण डॉक्टरीणबाईंनी आजपासून सगळं काम परत पाठवलं.

घरची गंमत. आज आई चक्क साडेआठला उठली आणि माझ्यावरच डाफरली. “तू आज खोकलास का नाहीस?”

“म्हणजे?”

“रोज सहाला तू खोकतोस, त्याने मला जाग येते. किती वर्षं झाली. आज आवाजच नाही. मी मेली सवयीने जागी होऊन वाट बघत पडले, हा का खोकत नाही. आपल्यालाच ऐकू येत नाही की काय, असं वाटलं.”

“मग आत येऊन बघायचंस.”

“आले होते. नाकापुढे बोट धरून बघितलं. मग झोपले.”

मी हसलो. ती नाही हसली. तिने माझ्या पाठीवर दोन चापट्या मारल्या आणि शब्दकोडं घेऊन बसली.

३ मार्च, सोमवार

काही नाही. गाजरं कमी झाली. उंदीर रोज दोन बिस्किटं खातो. परवा क्रीमची लावली होती, तर क्रीम चाटून बिस्कीट ठेवलं नाही, दोन्ही खाल्लं. आईने चौकशी केली, “उद्या कुठली लावणार आहेस?” तिलाही त्या उंदराची काळजी वाटायला लागलीय.

१० मार्च, सोमवार

छत्तिसावा दिवस. आईच्या नव्या कवळीचं काम काढलं. माप डॉक्टरीणबाईंनी घेतलं. दातांची उंची जुळवायला जुनी कवळी समोर हवी, म्हणून आईकडे मागितली.

“फेकली,” आई म्हणाली.

“कपात आहे की,” बायको म्हणाली, आणि मग तिने जीभ चावली. का चावली कळलं नाही. आईने तिच्याकडे असं बघितलं जसं बायको तिच्या शिकाऊ विद्यार्थ्यांकडे बघते.

कप घेऊन आलो. उद्या बघतो.

११ मार्च, मंगळवार



सकाळी जुनी कवळी दिव्याखाली धरली. मी सव्वीस वर्षं दातच बघतोय. एखाद्या कारकुनाला अक्षर वाचता येतं तशी मला कवळी वाचता येते. दाढांचे उंचवटे झिजलेले होते. नुसते घासले गेलेले नाहीत, रोजच्या चावण्याने सपाट झालेले. उजव्या बाजूला जास्त, कारण आई उजवीकडूनच चावते, तिचे स्वतःचे दात होते तेव्हाही तशीच चावायची. एक दिवस घालून कपात ठेवलेली कवळी अशी होत नाही. अशी व्हायला वर्ष लागतं, वर थोडे महिनेही. आणि वरच्या दोन दातांच्या फटीत सफरचंदाच्या सालीचा तुकडा होता. लाल. ताजा.

उंदीर.

मी पिंजरा लावत होतो. बिस्किटं निवडून आणत होतो. बायको ‘मी खाल्ली’ म्हणत होती. माझ्याच घरात दोघींनी मिळून मला चौदा महिने खुळ्यात काढलं, आणि माझ्याच कवळीने.

मी सरळ उठलो आणि कोपऱ्यावरून पाकीट आणलं. फसवून घेतलेला शब्द हा शब्दच नव्हे. छत्तीस दिवस मी गाजरं खाऊन काढले ते एका खोट्या वासासाठी. जिन्यावर जाऊन बसलो, एक तोंडात धरली, काडी काढली.

पॉलिश बाहेर आला. पाकीट बघितलं, मला बघितलं. शेजारी बसला आणि म्हणाला, “मेहुण्याने कपाट आणलं ना, तेव्हा काय झालं...”

मी ऐकत होतो, नव्हतोही. डोळ्यांसमोर टेबल येत होतं. आम्ही दोघे समोर कुरकुरीत, खमंग काय काय खातोय आणि आई सूप पितेय. रोज, दोन्ही वेळा. तोंडात घालायला उत्तम कवळी खोलीत कपात तयार असताना, तिने आमच्यासमोर एकदाही ती घातली नाही. पाहुणे आले तरी बोळक्या तोंडाने बसली. स्वतःच्या वाढदिवसालाही. दार लावून, भिंतीकडे तोंड करून चोरासारखं सफरचंद खाल्लं. मी छत्तीस दिवस सोडली तर मला वाटतंय कुणीतरी माझा सत्कार करावा. तिने चौदा महिने सूप प्यायलं, आणि तिला तर काही सोडायचंच नव्हतं.

मला फार लाज वाटली. मग मी रडलो. पॉलिशला वाटलं कपाटाच्या गोष्टीने, आणि त्याने ती आणखी रंगवून सांगितली.

सिगारेट पेटवली नाही. आत येऊन एका डब्यात प्लास्टर कालवलं आणि पाकीट त्यात बुडवलं. एक क्लास लागला घट्ट व्हायला. आता त्याची वीट मागचं दार अडवायला ठेवलीय.

१४ मार्च, शुक्रवार

चाळिसावा दिवस. नवी कवळी काल झाली. पॉलिशने ती इतकी चमकवली की तिच्यात तोंड दिसतं. पण मी ठरवलं होतं, आईला एकदा तरी रंगेहाथ पकडायचं. म्हणून नवी खिशात ठेवली आणि जुनीच धुऊन, जराशी घासून, नव्या डबीत घालून टेबलावर ठेवली. शेजारी एक सफरचंद.

“घे,” मी म्हटलं. “चाळीस दिवसांची.”

बायको डबीकडे बघून उठायला लागली. आईने तिला हाताने बसवलं. डबी उघडली, कवळी तोंडात घातली. जीभ एकदा डावीकडून उजवीकडे फिरवली आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

तिला कळलं होतं. मला कळलंय हेही तिला कळलं. बायकोने सुरी उगाचच इकडची तिकडे ठेवली. मी वाट बघत होतो की आता ती काय बोलते, वास येतो म्हणते की नाही.

आईने सफरचंद उचललं आणि आमच्या समोर, टेबलावर, कचकन चावा घेतला. सावकाश चावलं. उजवीकडून.

“नाही येत वास,” ती म्हणाली. “बघ. सोडल्याने फरक पडतो की नाही?”

खिशातल्या नव्या कवळीवर हात ठेवून बसून राहिलो.

“बसलीय बरोबर?” शेवटी विचारलं.

“मुरल्यासारखी बसलीय. हात सुधारला हो तुझा.” दुसरा चावा. “मधे एकदा ओढली होतीस ना? त्या शनिवारी?”

माझी दातखीळच बसली. “तू तर काही बोलली नव्हतीस.”

“शांपू करून आला होतास. लग्नात तरी केला होतास का शांपू?”

बायको खूप हसली. मग आईही हसली, आणि चौदा महिन्यांनी मी माझं ते काम टेबलावर, उजेडात, भरल्या तोंडाने हसताना बघितलं. मला बरं वाटलं. फारच बरं वाटलं. पिंजरा मी बायकोच्या हातून माळ्यावर टाकला.

२३ मार्च, रविवार

नवी कवळी माझ्या खणात आहे. जुनी पुरती झिजली की निघेल. अजून पाच-सहा वर्षं तरी लागतील. घाई नाही.

आज सुट्टी. संध्याकाळी बाल्कनीत उभा होतो. समोरच्या इमारतीत एक जण ओढत होता. छान वारा होता, धूर सरळ माझ्याकडे येत होता, आणि मी नुसता उभा होतो. हातात काही नाही.

“वास येतोय,” आतून आईचा आवाज.

“मी पेटवलेली नाहीये.”

“विचार करत होतास ना?”

करत होतो. नाक आहे म्हातारीचं, मानलं पाहिजे. आत गेलो, तर आई शेगडीपासून तीन फुटांवर शब्दकोडं घेऊन बसलेली, एका हातात सफरचंद, आणि गॅसवर दूध करपून कोळसा झालेलं.